खाऊने सजलेले झाड

(आगमनकाळात महिला संघाच्या सभेत केलेले भाषण)



संघाच्या सचिवबाईंनी मला विषय दिला तो असा: घरी जुन्या पद्धतीचे नाताळचे झाड कसे सजवावे. आमच्या सहकाऱ्यांना हे ऐकून हसू आले. एरवी मी तुमच्यापुढे उभी राहते ती कुपोषण, वसतिगृह आणि विहिरीचे पाणी घेऊन. पण मला विषय आवडला. पाड्यावरच्या कामाशी त्याचा संबंध आहे, आणि तो मी ओढूनताणून जोडत नाही. पुढे तुमच्या लक्षात येईलच.

आधी जुने म्हणजे किती जुने ते पाहू. आपल्यातल्या पुष्कळांना जुने झाड म्हणजे आजोबांच्या घरचे सुरूचे झाड आठवते. रॉकेलच्या डब्यात वाळू भरून उभे केलेले, डब्याला लाल क्रेप कागद आणि फांद्यांवर बर्फ म्हणून कापूस. तेही जुनेच. पण या झाडाचे मूळ शोधत गेलो तर आपण मध्ययुगातल्या जर्मनीत पोहोचतो. तिथे 24 डिसेंबर हा आदाम आणि हव्वा यांचा दिवस मानत. त्या दिवशी उत्पत्तीच्या पुस्तकातली एदेन बागेची गोष्ट नाटकातून दाखवत. नाटकात झाड हवे, आणि ऐन हिवाळ्यात बाकीच्या झाडांवर पान राहिलेले नसे. म्हणून सदाहरित फरचे झाड आणून त्यावर लाल सफरचंदे टांगत. पुढे झाड घरात आले तेव्हा सफरचंदांच्या जोडीला पातळ पापडीसारखी भाकरही टांगू लागले, प्रभुभोजनात असते तशी. एकाच झाडावर ज्या फळाने माणूस पडला ते फळ, आणि ज्या भाकरीने आपल्याला तारणाची आठवण होते ती भाकर. धर्मशास्त्राच्या वर्गात एवढा मोठा विषय शिकायला मला कित्येक तास लागले होते. त्या घरांमधली मुले तो नुसता बघून शिकत असतील.

स्ट्रासबर्ग शहरातले 1605 सालचे एक वर्णन आजही उपलब्ध आहे. लोक दिवाणखान्यात फरचे झाड उभे करतात आणि त्यावर रंगीत कागदाची गुलाबे, सफरचंदे, पापडीसारखी भाकर, सोनेरी वर्ख आणि मिठाई लावतात, असे त्यात म्हटले आहे. कागद आणि वर्ख सोडला तर बाकी सगळे खायचे. झाड उतरवण्याचा दिवस आला की मुलांना झाडावर सोडत. त्याला झाड लुटणे म्हणत. स्वीडनमध्ये 13 जानेवारीला झाड लुटण्याची पद्धत आहे. इंग्लंडमध्ये पुष्कळांना व्हिक्टोरिया राणी आणि राजपुत्र आल्बर्ट यांचे 1848 साली छापलेले चित्र ठाऊक असते. पण त्याच्या कितीतरी आधी, 1800 साली, जर्मनीहून सून म्हणून आलेल्या शार्लट राणीने विंडसरला मुलांच्या मेजवानीसाठी एक झाड उभे केले होते. त्यावर बदाम, मनुका, खेळणी होती आणि प्रत्येक मुलाला त्यातले काहीतरी मिळाले.

इथे एक गोष्ट बाजूला ठेवते. मार्टिन ल्यूथर जंगलातून चालले होते, फांद्यांमधून तारे दिसले, म्हणून त्यांनी घरी झाडाला मेणबत्त्या लावल्या, असे आपण संडे स्कूलमध्ये सांगतो. गोष्ट गोड आहे. मात्र ल्यूथरच्या काळातला तिचा काही पुरावा नाही, आणि झाडाजवळ बसलेल्या ल्यूथरची चित्रे 19व्या शतकातली आहेत. मुलांना सांगायची तर गोष्ट म्हणून सांगा.

मग काचेचे गोळे कुठून आले? जर्मनीत थुरिंगियाच्या डोंगरात लाउशा नावाचे गाव आहे. जंगलातले लाकूड जाळून काच बनवणारे कारागिरांचे गाव. 19व्या शतकाच्या मध्यावर तिथे काचेची फळे आणि अक्रोड बनू लागले. एका गरीब कारागिराला खरी सफरचंदे परवडत नव्हती म्हणून त्याने काचेची केली, असे तिथे सांगतात. ते खरे असो वा नसो, धंदा घराघरांत चालला हे खरे. वडील काच फुंकणार, आई आतून चंदेरी मुलामा देणार, मुले रंगवणार. आपण ज्याला आज चैनीची वस्तू म्हणतो ती एका डोंगरी गावाची भाकर होती. बाजारात कारखान्यातला चकचकीत गोळा हातात घ्याल तेव्हा हे आठवा. बांबूची चांदणी घेऊन रस्त्याच्या कडेला बसलेली बाई दिसली तर तिच्याशी भाव करू नका, एवढेच म्हणते.

आता घरी काय करायचे ते सांगते. तुम्ही वही आणली आहे, ती उघडा.

झाड म्हणून सुरूची फांदी घ्या. सुरू परदेशी आहे, पण कोकणच्या किनाऱ्यावर वारा अडवायला लावलेल्या रांगांमुळे आपलाच झाला आहे. किनाऱ्यावरच्या रांगेतले झाड तोडू नका. ती वाळू धरून ठेवते, आणि ते झाड आपले नसतेही. कोणाच्या आवारात छाटणी होत असेल तर चार-पाच फुटांची एक फांदी मागून घ्या. कुंडीत रोपवाटिकेतले झाड असेल तर फारच छान, ते पुढच्या वर्षीही कामाला येते. सुरू मिळत नाही तिथे आंब्याची डहाळीही चालते. मी पाहिली आहे, चांगली दिसते.

फांदी लोखंडी बादलीत उभी करा. तळाला दोन विटा, वर ओली वाळू घट्ट दाबा. बादलीला जुन्या लुगड्याचा तुकडा गुंडाळा. बादली पाण्याच्या परातीत ठेवा, कारण झाडावर खाऊ आहे आणि मुंग्यांना ते तुमच्या आधी कळते.

लावायचा क्रम असा. आधी दिव्यांची माळ, ती खोडापासून बाहेर आणा. खऱ्या मेणबत्त्या लावू नका. जर्मनीत लावत, पण काही मिनिटेच, शेजारी पाण्याची बादली भरून ठेवून. न्यूयॉर्कमध्ये 1882 साली एडिसनच्या एका सहकाऱ्याने आपल्या घरच्या झाडाला विजेचे दिवे लावले, तेव्हापासून तो धोका पत्करण्याचे कारण उरलेले नाही. आपला सुरू चार दिवसांत वाळतो आणि वाळलेला सुरू चुलीत कसा पेटतो हे कोकणातल्या बायकांना सांगायला नको.

दिव्यांनंतर लाह्यांची माळ. मक्याच्या लाह्या आदल्या दिवशी फोडून ठेवा. ताज्या लाहीत सुई घातली की ती तुटते, शिळी जरा चिवट होते. दोन-तीन लाह्या आणि मध्ये एक लाल बोर, असे ओवत जा. डिसेंबरात बोरे मिळतात. मग जड वस्तू: लहान सफरचंदे, संत्री, चिकू. त्या फांदीच्या बुडाशी, खोडाजवळ बांधा. टोकाला बांधल्या तर फांदी मान टाकते. संत्र्याला लवंगा टोचून त्यांची नक्षी केली तर खोलीभर वास राहतो. भुईमुगाच्या शेंगा चंदेरी कागदात गुंडाळा. शंकरपाळे पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधा. करंज्या लटकवू नका, तूप सुटते आणि कापडावर डाग पडतात. करंज्यांची दुरडी झाडाखाली ठेवा.

फांद्यांच्या टोकांना हलक्या वस्तू. कागदाची फुले, कागदी साखळ्या आणि पेंढ्याच्या चांदण्या. या चांदण्या जर्मनीत राय किंवा गव्हाच्या काडीच्या करतात. आपल्याकडे भाताची कापणी नुकतीच झालेली असते, पेंढा ताजा असतो. भाताची काडी बारीक, पण चालते. गव्हाणीत बाळ ठेवले ते अशाच कशावर तरी, म्हणून झाडावरच्या सगळ्या वस्तूंमध्ये मला पेंढा अधिक प्रिय आहे. शेंड्यावर मोठी चांदणी. आणि कापूस? लावायचा तर लावा. पण खानदेशात आणि विदर्भात कापूस वेचून ज्यांची पाठ मोडते त्यांच्या घरी तो बर्फ म्हणून वापरलेला मला बघवत नाही. आपल्याकडे बर्फ पडत नाही, बेथलेहेमातही तो क्वचितच पडतो.

सजवण्याची वेळही सांगते. जर्मन घरांत झाड 24 तारखेच्या संध्याकाळी सजवत, मुलांना बाहेर ठेवून. सगळे झाले की घंटा वाजवत आणि दार उघडत. आपण 1 डिसेंबरलाच झाड लावतो आणि ख्रिस्तजयंतीच्या दिवशी ते पाहून पाहून कंटाळलेले असतो. खाऊचे झाड इतके दिवस टिकतही नाही. यंदा एकदा उशिरा लावून पाहा.

आता त्या संबंधाकडे येते.

जव्हार-मोखाड्याच्या बाजूला आमचे काम आहे. तिथे वारली, कोकणा, कातकरी समाज राहतो. वाघदेव तुम्ही ऐकला असेल. लाकडाचा खांब असतो, त्यावर वाघ, सूर्य, चंद्र कोरलेले असतात, त्याला शेंदूर लावतात. वाघबारशीला त्याची पूजा होते. ज्या घरांनी प्रभूचा स्वीकार केला त्यांनी ती पूजा सोडली. ती सोडणे सोपे नव्हते. त्यासाठी भावकीशी बोलणे तुटले, काही घरांना लग्नाची आमंत्रणे बंद झाली. अशा घरातल्या एका आजीने शहरातून आलेल्या पाहुण्यांच्या मोबाईलमध्ये एका मंडळीतल्या झाडाचे चित्र पाहिले. तिने मला विचारले, “बाई, आम्ही लाकडाला शेंदूर लावायचं सोडलं. तुम्ही लाकडाला सोनं का लावता?”

तुम्ही काय उत्तर दिले असते?

यिर्मयाच्या 10व्या अध्यायात हेच चित्र आहे. रानातून झाड तोडतात, कारागीर ते घडवतो, रुप्याने आणि सोन्याने मढवतात, हलू नये म्हणून खिळे ठोकतात. काही मंडळ्यांमध्ये हा भाग दाखवून नाताळचे झाड सरसकट निषिद्ध ठरवतात. मला ते बरोबर वाटत नाही. संदेष्टा मूर्तीबद्दल बोलतो आहे, जिच्यापुढे माणूस वाकतो आणि जिचे भय धरतो. सफरचंद टांगलेल्या फांदीला कोणी भीत नाही. पण आजीचा प्रश्न तेवढ्याने संपत नाही, कारण तिच्या शेजाऱ्यांना यिर्मया ठाऊक नाही. त्यांना दिसते ते एवढेच की यांनी आपला खांब सोडला आणि शहरवाल्यांचा खांब आणला.

हा प्रश्न जुना आहे, आणि युरोपातही विचारला गेला आहे. त्याच स्ट्रासबर्गमध्ये 1640च्या दशकात योहान कॉनराड डानहाउअर नावाचे लूथरपंथी उपदेशक होते. लोक झाडाला बाहुल्या आणि साखरेची मिठाई लावतात, ही रीत आली कुठून कोण जाणे, असे म्हणून त्यांनी नाराजी व्यक्त केली. मुलांना येशू ख्रिस्ताकडे, त्या आत्मिक गंधसरूकडे न्यावे, असे त्यांचे सांगणे होते. लोकांनी त्यांचे ऐकले नाही. त्यांची काळजी मात्र मला खोटी वाटत नाही.

मी आजीला सांगितले ते असे. आजी, झाड लावलेच पाहिजे असे शास्त्रात कुठेही नाही. तुमच्या घरी लावू नका. तिथे ते गोंधळ घालते. आमच्या घरी ते मुलांना खाऊ द्यायची रीत आहे, आणि ज्या दिवशी आम्ही त्याच्यापुढे हात जोडू त्या दिवशी ते तोडून चुलीत घालू. आजी म्हणाली, “मग खाऊ दिसला नाही त्या फोटोत.” फोटोत खरेच खाऊ नव्हता. प्लास्टिकचे गोळे होते आणि झाडाखाली रिकामे खोके, रंगीत कागदात गुंडाळलेले. रिकामे खोके भेटवस्तूंसारखे दिसावेत म्हणून ठेवतात, हे तिला समजावताना माझी फार पंचाईत झाली.

म्हणून आम्ही पाड्यावर झाड लावत नाही. बांबूच्या कामट्यांची चांदणी करून दाराला दिवा लावतो, आणि गव्हाणी करतो. इथे हात जोडून एक विनंती आहे. दर जानेवारीत आमच्याकडे शहरातून खोकी येतात: तारांतून सुटलेली प्लास्टिकची झाडे, अर्धे फुटलेले गोळे, विझलेल्या माळा. पाठवणाऱ्यांचे मन चांगले असते. पण त्या वस्तू पाड्यावर नेऊन आम्ही काय करावे? ज्या ठिकाणी एकही दुकान नाही तिथे तो नुसता कचरा होतो, आणि आजीच्या प्रश्नात भर पडते.

त्याऐवजी असे करा. दिवाळीनंतर पाड्यांवरची बरीच कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, ठाणे, भिवंडी, वसईच्या बाजूला. नाताळात मुले आईबापांबरोबर भट्टीवर असतात, पावसाच्या तोंडावर परत येतात. म्हणजे ज्या मुलांची आठवण काढून आपण नाताळात दान गोळा करतो त्यातली कितीतरी मुले तेव्हा पाड्यावर नसतात. ती तुमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर असतात. तुमच्या घरचे झाड लुटायचा दिवस ठरवा. त्या दिवशी तुमच्या मुलांनी झाडावरून एक वस्तू स्वतःसाठी काढावी आणि एक दुसऱ्यासाठी. दुसऱ्यासाठीच्या पुरचुंड्यांमध्ये टिकणारा खाऊ घाला: शेंगदाण्याची चिक्की, खजूर, फुटाणे. शक्य असेल तर मुलांच्या मापाचा एक स्वेटर, नवा किंवा धुतलेला. भट्टीवर विटा पेटलेल्या असल्या तरी झोपडीत पहाटे थंडी वाजते. आम्ही तुमच्याबरोबर येऊ.

लेवीय पुस्तकाच्या 19व्या अध्यायात देवाने शेतकऱ्याला सांगितले आहे की शेताचा कानाकोपरा कापून घेऊ नको, मळ्यात गळलेली द्राक्षे वेचू नको, ती गरिबासाठी आणि उपऱ्यासाठी राहू दे. म्हणजे पीक कापताना दुसऱ्याचा वाटा आधीच धरलेला. उरलेसुरले नव्हे. झाड बांधतानाच दुसऱ्याच्या पुरचुंड्या बांधा म्हणते ती यासाठी.

दोन नियम मात्र पाळावे लागतील. पुरचुंडी भट्टीवरच्या प्रत्येक मुलाला मिळेल, ते कोणत्याही धर्माचे असो. आणि तिच्यात पत्रिका किंवा वचनाचे कार्ड घालायचे नाही. यावर संघात मतभेद होतील हे मला ठाऊक आहे. माझे मत पक्के आहे. चिक्कीच्या मोबदल्यात कोणी प्रभूचे नाव घ्यावे असे प्रभूला वाटत असेल असे मला वाटत नाही, आणि तसा आरोप झाला की त्याची किंमत तुम्ही-मी नाही, ती आजी मोजते.

आमच्या वसतिगृहात जी मुले राहतात त्यांच्यासाठी एका जुन्या पद्धतीचा उपयोग आम्ही करतो. तीही जर्मनीची आहे, पण गरिबांच्या घरातून आलेली. हॅम्बुर्गमध्ये योहान हिनरिक विखर्न नावाचे धर्मशास्त्री गरीब आणि निराधार मुलांचा आश्रम चालवत. नाताळ किती दिवसांवर आला, असे मुले रोज विचारून त्यांना भंडावत. 1839 साली त्यांनी बैलगाडीच्या चाकासारखे एक जुने लाकडी चाक घेतले आणि त्यावर मेणबत्त्या बसवल्या, रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या आणि आठवड्यातल्या दिवसांच्या लहान लाल. रोज एक पेटवायची. चर्चमध्ये आपण आगमनकाळाचे जे चक्र लावतो त्याचे मूळ हे. आमच्याकडे मेणबत्त्यांऐवजी पणत्या असतात, आणि कोणत्या मुलाने पेटवायची यावरून रोज भांडण होते. घरी गेलेल्या मुलाची पाळी दुसऱ्याने घ्यायची की नाही, हा यंदाचा वाद आहे.

6 जानेवारीला, प्रकटीकरणाच्या सणाला, झाड उतरवा. फांदी आवारात टाका किंवा बंबात घाला. लाह्यांच्या माळा पक्ष्यांसाठी कुंपणाला बांधा, दोरा मात्र नंतर काढून घ्या, त्यात पक्ष्यांचे पाय अडकतात. लवंगा टोचलेली संत्री वाळून कडक झाली असतील, ती कपड्यांच्या कपाटात ठेवा.

आता चांदण्या. पेंढा अर्ध्या तासापूर्वी कोमट पाण्यात भिजत घातला आहे, बाहेर ओसरीवर आहे. भिजवल्याशिवाय काडी वाकत नाही, मोडते. पेऱ्याचा भाग कापून टाका, दोन पेऱ्यांमधली सरळ काडी घ्या. चार काड्या सारख्या लांबीच्या करा. दोन-दोनचे फुलीसारखे जोड करा, एकावर एक तिरपे ठेवा, मधोमध बोटाने दाबून धरा आणि दोरा एकीच्या वरून, दुसरीच्या खालून असा फिरवत गाठ मारा. एकीने धरायचे, दुसरीने बांधायचे, एकटीला जमत नाही. आजीबाईंना खुर्च्या द्या, बाकीच्या जणी सतरंजीवर बसा. कात्र्या तीनच आहेत.